लेण्याद्री ते नाणेघाट: पुण्याहून दहा-बारा जणांची एक दिवसाची इतिहास-सहल कशी आखावी

जुन्नरला एक दिवसाची सहल न्यायची म्हटले की बहुतेक जण आधी ठिकाणांची यादी करायला बसतात: शिवनेरी, लेण्याद्री, ओझरचा विघ्नहर, नाणेघाट आणि वेळ उरलाच तर माळशेज. या कामाची सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करावी, असे माझे सांगणे आहे. आधी माणसे मोजावीत, मग दिवसाचे तास मोजावेत आणि या दोन्हींमध्ये जी ठिकाणे खरोखर बसतात तेवढीच घ्यावीत. हा हिशेब प्रामाणिकपणे केला, तर पुण्याहून निघालेल्या दहा-बारा जणांच्या वाट्याला जुन्नर परिसरातली दोन ठिकाणे नीट येतात आणि वाटेवरचे तिसरे धावते येते. पाच ठिकाणे येत नाहीत. अनेक वर्षांपूर्वी मी पस्तीस जणांची बस घेऊन पाच ठिकाणांचा घाट घातला होता. नाणेघाटाच्या लेण्यात निम्मी मंडळी आत आणि निम्मी बाहेर अशी स्थिती झाली. आतल्यांना भिंत दिसेना, कारण मध्ये माणसेच उभी होती, आणि बाहेरच्यांना आवाज पोहोचेना. परतीच्या वाटेवर लेण्यात नेमके काय लिहिले होते हे कोणालाच सांगता येईना. त्या दिवसापासून मी बारापेक्षा जास्त माणसे घेत नाही.

बारा हा आकडा तीन कारणांनी ठरतो. सतरा आसनांच्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये बारा माणसे, त्यांच्या पिशव्या आणि पाण्याचे कॅन अवघडल्याशिवाय मावतात. उघड्यावर, वाऱ्यात, न ओरडता बोललेले बारा जणांना ऐकू जाते. आणि शिलालेखासमोर बारा जण अर्धवर्तुळात उभे राहिले, तर प्रत्येकाला अक्षरे दिसतात. आठापेक्षा कमी माणसे झाली तर प्रत्येकावर पडणारा खर्च वाढतो; तेव्हा दोन मोटारी किंवा एक मोठी जीप पुरते.

दिवसाला एक प्रश्न असावा

दोन ठिकाणे कोणती निवडावीत, हे त्यांच्या प्रसिद्धीवर न ठरवता त्यांच्यातल्या नात्यावर ठरवावे. लेण्याद्रीच्या सहाव्या क्रमांकाच्या लेण्यात, म्हणजे तिथल्या मुख्य चैत्यगृहात (बौद्धांच्या प्रार्थनागृहात), ब्राह्मी लिपीतला एक लहानसा दानलेख आहे. कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याने हे चैत्यगृह दान दिले, असे त्यात नोंदले आहे. आता प्रश्न असा की समुद्राजवळच्या कल्याणचा माणूस सह्याद्रीच्या माथ्यावरच्या जुन्नरला येऊन डोंगर का कोरवून घेतो? या प्रश्नाचे उत्तर जुन्नरपासून सुमारे ३० किलोमीटर पश्चिमेला, जिथे पठार संपते आणि वाट कोकणात उतरते, तिथे दगडातच उभे आहे. कल्याण बंदराचा माल नाणेघाटाने वर चढे आणि जुन्नरच्या पेठेतून पुढे प्रतिष्ठानकडे, म्हणजे आजच्या पैठणकडे जाई. त्या वाटेवर पैसा होता आणि त्या पैशातून दाने झाली. म्हणून सकाळी लेण्याद्री आणि दुपारी नाणेघाट असा क्रम ठेवावा. सकाळी प्रश्न पडतो, दुपारी त्या वाटेवर प्रत्यक्ष उभे राहता येते आणि सहलीला आपोआप सूत्र मिळते.

माणसे, गाडी आणि पैसे

निघण्याच्या किमान तीन आठवडे आधी तारीख जाहीर करावी आणि ती रविवारची नसेल तर फार उत्तम. संकष्टी चतुर्थी, अंगारकी आणि माघातला गणेशोत्सव हे दिवस लेण्याद्रीसाठी टाळावेत, कारण सातव्या लेण्यात गिरिजात्मजाचे स्थान आहे, अष्टविनायकांपैकी एक, आणि त्या दिवशी भाविकांची रांग पायऱ्यांवर आलेली असते. १९ फेब्रुवारीला आणि तिथीच्या शिवजयंतीला जुन्नर शहरातून गाडी काढणेसुद्धा कठीण जाते. नाव नोंदवताना प्रत्येकाकडून तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: गुडघे किंवा हृदय यांचा काही त्रास आहे का, मधमाशीच्या डंखाची ॲलर्जी आहे का आणि अडचणीच्या वेळी घरच्या कोणाला फोन करायचा. दुसरा प्रश्न नवख्यांना विचित्र वाटतो. त्याचे कारण पुढे येईल.

गाडी ठरवताना पिवळ्या पाटीची, प्रवासी परवान्याचीच घ्यावी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेणे बेकायदेशीर आहे आणि अपघात झाल्यास विम्याचा प्रश्न उभा राहतो. भाव विचारताना नुसता किलोमीटरचा दर विचारून थांबू नये. दिवसाचे किमान किलोमीटर किती धरणार, चालकाचा भत्ता किती, पथकर आणि वाहनतळाचे पैसे कोणाकडे, हे चारही मुद्दे लिहून घ्यावेत. पुणे, नारायणगाव, जुन्नर, घाटघर आणि परत असा फेरा २६० किलोमीटरच्या आसपास जातो. चालकाला आदल्या दिवशी स्वतः फोन करून सांगावे की नाणेघाटापर्यंत जायचे आहे, कारण काही जण जुन्नरलाच सहल संपली असे धरून चालतात.

वर्गणी काढण्याची माझी पद्धत साधी आहे. बारा जागा असल्या तरी गाडी, चालकाचा भत्ता आणि पथकर हा ठरावीक खर्च दहानेच भागावा आणि जेवण, न्याहारी, तिकीट हा माणशी खर्च त्यात मिळवावा. ऐन वेळी दोन जण गळाले तरी उरलेल्यांवर भार पडत नाही, आणि बाराही जण आले तर उरलेल्या रकमेतून वाटेतली फळे, चहा आणि लेण्याच्या पहारेकऱ्याचा चहा निघतो. संध्याकाळी परतताना हिशेब गाडीतच वाचून दाखवावा. इतिहासाच्या नावाने एकत्र आलेल्या मंडळींमध्ये पैशावरून किंतु राहणे मला फार वाईट वाटते, आणि ते टाळणे पाच मिनिटांचे काम आहे.

एसटीने जायचे असेल तर पुण्याच्या शिवाजीनगर आगाराच्या गाड्या नारायणगाव आणि जुन्नरला सोडतात आणि जुन्नरहून लेण्याद्री जवळच आहे. पण घाटघरकडच्या गाड्या मोजक्या असतात, आणि शेवटची चुकली तर मुक्काम पडतो. म्हणून एसटीने जाणाऱ्यांनी जुन्नरहून पुढे दिवसभरासाठी जीप ठरवावी.

तयारीची एक संध्याकाळ

सहलीच्या आधीच्या आठवड्यात मंडळींना एकदा दीड तासासाठी एकत्र आणावे. या बैठकीत व्याख्यान देऊ नये. प्रत्येकाला एकेक लहान काम वाटून द्यावे. एकाने सातवाहनांची वंशावळ पाहावी, एकाने जुन्नरच्या परिसरातल्या लेण्यांचे गट नकाशावर खुणावावेत (या एका तालुक्यात दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत), एकाने कल्याण ते पैठण या मार्गाची आजची गावे काढावीत. ज्याच्याकडे काम असते तो स्थळावर वेगळ्या नजरेने पाहतो आणि सूत्रधाराला दिवसभर एकट्याने बोलत राहावे लागत नाही.

सर्वांनी मिळून करण्याचे एक काम मात्र आहे आणि ते मी कधीही गाळत नाही: ब्राह्मीची पाच-सहा अक्षरे शिकणे. वाटते तितके ते अवघड नाही. ब्राह्मीतला क म्हणजे बेरजेचे चिन्ह. न म्हणजे आडव्या रेघेच्या मध्यावर उभी केलेली रेघ. र म्हणजे नुसती उभी रेघ. ठ म्हणजे पूर्ण वर्तुळ आणि थ म्हणजे मध्ये टिंब असलेले वर्तुळ. म म्हणजे खाली वाटोळे पोट आणि वर फुटलेली दोन शिंगे. एवढी अक्षरे प्रत्येकाने वहीत दहा-दहा वेळा गिरवली, तरी नाणेघाटाच्या भिंतीसमोर ती ओळखू येऊ लागतात. भिंतीवर ‘महारठि’ या शब्दातले वर्तुळ स्वतःच्या डोळ्यांनी सापडल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर जो उजेड पडतो, तो मी अनेकदा पाहिला आहे, आणि माझ्या मते सबंध सहलीचे मोल त्या क्षणात वसूल होते.

सकाळ: लेण्याद्री

पुण्यातून पहाटे साडेपाचला गाडी हलली पाहिजे. याचे कारण चाकण. भोसरीच्या पुढे मोशी आणि चाकणचा पट्टा कारखान्यांच्या वाहतुकीने सातनंतर भरू लागतो, आणि तिथे गेलेला तास दिवसभरात भरून निघत नाही. सर्वांना एकाच ठिकाणी बोलवावे. घरोघरी जाऊन माणसे गोळा करण्याच्या प्रकारात पाऊण तास सहज जातो. राजगुरुनगर आणि मंचर मागे टाकून आठच्या आत नारायणगावला पोहोचावे, तिथे मिसळ किंवा पोह्यांची न्याहारी करावी, पाणी भरून घ्यावे आणि जुन्नरचा फाटा धरावा. नारायणगाव ते जुन्नर अंतर जेमतेम १५ किलोमीटर आहे.

कुकडी नदीच्या पलीकडे डोंगराच्या कुशीत लेण्याद्रीची मुख्य रांग दक्षिणेकडे तोंड करून आहे. तिथवर जायला तीनशेच्या आसपास पायऱ्या चढाव्या लागतात, आणि दहानंतर त्या पायऱ्यांवर ऊन थेट येते. म्हणून नऊच्या आधी चढायला सुरुवात करावी. हे स्थळ पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. पायथ्याशी तिकीट घ्यावे लागते. पायऱ्यांवर वानरे असतात. हातात खाण्याची पिशवी दिसली की ती जवळ येतात, तेव्हा खाण्याचे सगळे गाडीतच ठेवून फक्त पाण्याची बाटली पाठीवरच्या पिशवीत घ्यावी. चढताना गटातल्या सर्वांत सावकाश चालणाऱ्या व्यक्तीला पुढे ठेवावे आणि अनुभवी व्यक्तीला शेवटी. यामुळे गट तुटत नाही आणि मागे पडल्याचे ओझे कोणाच्या मनावर राहत नाही.

वर पोहोचल्यावर लोक सरळ सातव्या लेण्याकडे वळतात, कारण देव तिथे आहे. आपणही आधी तिथेच जावे. पादत्राणे बाहेर काढून दर्शन घ्यावे आणि मग त्याच दालनात शांतपणे भिंतीकडे सरकून एकदा सभोवार पाहावे. हे मुळात बौद्ध भिक्षूंचे निवासस्थान, विहार. मध्ये एकही खांब नसलेले भले मोठे दालन, दोन्ही बाजूंना सात-सात आणि मागच्या भिंतीत सहा अशा वीस खोल्या. ज्या वास्तूत भिक्षू पावसाळ्यात राहत, त्याच वास्तूत आज आरती होते. या दोन गोष्टींपैकी एक खरी आणि दुसरी उपरी अशा वादात सहल अडकू देऊ नये. इथे भक्तिभावाने आलेल्या माणसासमोर मोठ्या आवाजात विहाराची चर्चा करणे अनुचित आहे, आणि वास्तूचा आरंभ कोणी केला हे न सांगता परतणेही अनुचित आहे. म्हणून मी दालनात फक्त पाहायला सांगतो आणि बोलणे बाहेरच्या ओवरीत येऊन करतो.

मग सहावे लेणे. इथे अर्धा तास द्यावा. खांबांचे तळ कुंभाच्या आकाराचे आहेत, वर उलटा कुंभ आणि त्यावर पाठीला पाठ लावून बसलेले प्राणी. छताकडे पाहिल्यावर लाकडी तुळयांचा भास होतो, पण त्या दगडातच कोरलेल्या आहेत. लाकडी इमारत उभारणाऱ्या सुतारांची सवय पाथरवटांच्या हातात कशी उतरली हे इथे दिसते, आणि ज्यांनी कार्ल्याचे चैत्यगृह पाहिले असेल त्यांना तिथल्या खऱ्या लाकडी फासळ्या आठवतील. सुलसदत्ताचा लेख शोधण्याचे काम मंडळींवरच सोपवावे. सापडल्यावर ‘कल्याण’ हा शब्द सर्वांनी एकदा मोठ्याने उच्चारावा आणि उत्तर दुपारवर ठेवून पुढे जावे. उरलेली लेणी भराभर पाहिली तरी चालते. बहुतेक लहान विहार आहेत. त्यांच्या बाहेरची पाण्याची टाकी मात्र अवश्य दाखवावीत, कारण पाणी साठवता आले म्हणूनच या कोरड्या कड्यावर वस्ती झाली.

उतरण्यापूर्वी सर्वांना ओवरीतून दक्षिणेकडे वळून उभे करावे. समोर जुन्नरचे सपाट खोरे, त्यातून वाहणारी कुकडी आणि खोऱ्यापलीकडे शिवनेरीचा कडा. पेठ खाली, किल्ला पलीकडे, लेणी अलीकडे: तालुक्याचा सगळा इतिहास एका नजरेत मांडलेला दिसतो. छायाचित्रे काढण्याआधी हे दोन मिनिटे नुसते पाहून घ्यावे.

जेवण जुन्नरमध्ये साडेअकरा ते साडेबारा या वेळात उरकावे. या भागाची खासियत मासवडी. नावात मासा असला तरी पदार्थ पूर्ण शाकाहारी असतो: बेसनाच्या पारीत सुके खोबरे, तीळ, कांदा-लसणाचे सारण भरून त्याच्या वड्या पाडतात आणि झणझणीत रश्श्याबरोबर बाजरीची भाकरी देतात. ती घाईने होणारी गोष्ट नाही, म्हणून खानावळीला आदल्या दिवशी माणसांची संख्या कळवून ठेवावी.

दुपार: नाणेघाट

जुन्नरहून आपटाळेमार्गे पश्चिमेला निघाल्यावर वाटेत चावंडचा किल्ला दिसतो आणि त्याच बाजूला पूर या गावी कुकडेश्वराचे जुने शिवमंदिर आहे. कुकडी नदीचा उगम इथलाच. मंदिराच्या भिंतींवरची शिल्पे सुंदर आहेत. वीस मिनिटे थांबावे, पण फक्त वीसच. पुढे घाटघर आणि मग नाणेघाटाचे पठार. घाटघरच्या पुढे फोनच्या भरवशावर राहू नये, त्यामुळे परत गाडीपाशी भेटण्याची वेळ गाडीतून उतरण्याआधीच सर्वांना सांगून ठेवावी.

पठारावर पोहोचताच सगळे कड्याच्या दिशेने धावतात. नानाचा अंगठा म्हणून ओळखला जाणारा सुळका, खाली कोकणात सरळ उतरलेले कडे, बाजूला जीवधनचा किल्ला आणि त्याच्या शेजारचा वानरलिंगीचा सुळका, हे दृश्य माणसाला ओढून नेते. त्याला अडवू नये, पण कड्याच्या कडेपासून चार पावले मागे राहण्याची मर्यादा आखून द्यावी आणि छायाचित्रासाठी तिच्यापुढे जाणाऱ्याला त्याच क्षणी मागे बोलवावे. इथे वारा अचानक जोर धरतो.

त्यानंतर खिंडीत उतरावे. प्रवेशापाशीच एक मोठा दगडी रांजण आहे. घाटाने येणारे व्यापारी त्यात जकातीची नाणी टाकत, अशी परंपरागत सांगी आहे आणि घाटाचे नावही नाण्यांवरून पडले असे सांगतात. ही गोष्ट सांगावी, कारण ती पिढ्यानपिढ्या सांगितली गेली आहे. पण आत गेल्यावर हेही सांगावे की भिंतीवरच्या लेखात यज्ञ आणि दक्षिणा आहेत, जकातीचा विषय नाही. आख्यायिका आणि पुरावा यांमधला फरक कळायला याहून चांगली जागा मिळणार नाही.

खिंडीच्या कडेला कोरलेल्या लेण्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेच्या काळाचा मोठा लेख आहे. त्याचा काळ सर्वसाधारणपणे इ. स. पूर्व पहिले शतक मानला जातो. भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी. आरंभी देवतांना वंदन आहे: इंद्र, संकर्षण आणि वासुदेव, चंद्र आणि सूर्य, मग यम, वरुण, कुबेर, वासव हे चार लोकपाल. ‘नमो’ हा शब्द इथे शोधावा. न आणि म शिकलेले असतात, त्यामुळे तो सापडतो. पुढे राजसूय आणि अश्वमेध यांसारख्या यज्ञांची आणि त्यात दिलेल्या दक्षिणेची यादी येते, दोन अश्वमेधांचा उल्लेख आहे, आणि यादीबरोबर आकडे येतात. गाई १७००, हत्ती १०, कार्षापणे, म्हणजे त्या काळची नाणी, अमुक इतकी. या आकड्यांमुळेच गणिताच्या इतिहासात नाणेघाटाला मान आहे. १९व्या शतकात भगवानलाल इंद्रजी यांनी ते ओळखले. तिथे शून्य नाही. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत आणि ती जोडून मोठी संख्या लिहिली आहे. गटात गणित शिकवणारे कोणी असेल तर हा भाग त्यांच्याकडे सोपवावा. माझ्या एका सहलीत निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी वहीत १७०० हा आकडा हजार आणि सातशे अशा दोन खुणांनी लिहून दाखवला, आणि माझ्या पूर्वीच्या सगळ्या स्पष्टीकरणांपेक्षा तो अधिक कळला.

मागच्या भिंतीशी एके काळी राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. त्या आता नाहीत. पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या. पण वरची नावे वाचता येतात: राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका (म्हणजेच नागनिका) आणि राजा श्री सातकर्णी, कुमार भाय, महारठि त्रणकयिर, कुमार हकुसिरि. एका राजघराण्याने आपल्या व्यापारी वाटेच्या तोंडावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा जागी, स्वतःच्या मूर्ती आणि राणीच्या नावाने यज्ञांचा हिशेब उभा केला. महाराष्ट्राच्या इतिहासात स्त्रीच्या कारभाराची इतकी जुनी, इतकी स्पष्ट नोंद दुसरी क्वचितच सापडेल. इथे मी सर्वांना पाच मिनिटे गप्प बसायला सांगतो.

लेख वाचण्यासाठी एक युक्ती सांगून ठेवतो. टॉर्चचा प्रकाश समोरून टाकला तर अक्षरे पुसट होतात. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने, तिरपा प्रकाश टाकावा. खोदलेल्या रेघांत सावली पडते आणि अक्षर उठून येते. अक्षरांत खडू भरणे, पाणी किंवा तेल लावणे, बोट फिरवणे यातले काहीही करू देऊ नये. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८च्या कायद्यात २०१०च्या दुरुस्तीनंतर स्मारकाची नासधूस करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण कायद्यापेक्षाही मोठी गोष्ट ही की दोन हजार वर्षे टिकलेली ती रेघ आपल्या बोटाने झिजली तर ती पुन्हा कोणालाच मिळणार नाही. भिंतीवर नावे कोरलेली दिसतील. तिथे नाराजी व्यक्त करून पुढे जाण्यापेक्षा गटातल्या मुलांना ती दाखवावीत आणि त्या खाली गेलेले जुने अक्षर कोणते असेल, असे विचारावे.

लेणे पाहून झाल्यावर फरसबंद वाटेने खाली दोन-तीनशे पावले उतरावे. दगडी पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना कडे. इथे थांबून सकाळचा प्रश्न पुन्हा विचारावा: सुलसदत्त कल्याणहून कसा आला असेल? आता उत्तर कोणाला सांगावे लागत नाही.

साडेचारला गाडीकडे परत फिरावे. याला अपवाद करू नये. हिवाळ्यात सहाच्या सुमारास अंधार पडू लागतो आणि जुन्नर तालुका उसातल्या बिबट्यांसाठी ओळखला जातो. दिवसाउजेडी मुख्य रस्त्याला लागावे आणि अंधारात उसाच्या कडेला गाडी थांबवून कोणालाही खाली उतरू देऊ नये. मुलांच्या बाबतीत तर मुळीच नाही.

मधमाश्या, पाऊस आणि इतर काळजी

आता तो मधमाश्यांचा प्रश्न. जुन्नरच्या कड्यांना आग्यामोहोळाची पोळी लटकलेली असतात आणि पर्यटकांवर माश्यांचे हल्ले झाल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. त्या दिवशी कोणीही अत्तर किंवा उग्र वासाचे तेल लावू नये, लेण्याजवळ धूर करू नये, फटाका किंवा मोठ्या आवाजाचा कर्णा तर नाहीच, आणि पोळ्याच्या दिशेने दगड भिरकावणाऱ्याला जागीच थांबवावे. माश्या उठल्याच तर हात झटकू नयेत. तोंड आणि मान कापडाने झाकून शांतपणे पण वेगाने दूर जावे. ॲलर्जी असलेल्या व्यक्तीने आपले औषध खिशात ठेवावे, गाडीतल्या पिशवीत नव्हे.

ऋतू निवडताना मी ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ सुचवतो. पावसाळ्यातला नाणेघाट विलक्षण असतो. खालून येणाऱ्या वाऱ्याने धबधब्याचे पाणी उलटे वर उडते. पण त्या दिवसांत पठारावर गर्दी लोटते, धुक्यात कडा कुठे संपतो ते दिसत नाही, दगड शेवाळलेले असतात आणि प्रशासन कधी कधी प्रवेशावर निर्बंध घालते. लेख पाहायला जाणाऱ्याने पाऊस सरल्यावर जावे.

शिवनेरी का गाळावा

शिवाजी महाराजांचा जन्म जिथे १६३० साली झाला तो किल्ला जुन्नरला जाऊन न पाहता परत यायचे, हे ऐकून काही जण दुखावतात. त्यांचे दुखणे मला पटते आणि त्याच भावनेतून मी म्हणतो की शिवनेरीला अर्ध्या दुपारचा दर्जा देऊ नये. एकामागून एक सात दरवाजे, वाटेतले शिवाईचे देऊळ, अंबरखाना, गंगा-जमुना ही टाकी, जन्मस्थानाची वास्तू, बदामी तलाव आणि कडेलोटाचे टोक एवढे पाहायला चार ते पाच तास लागतात. शिवाय त्याच डोंगराच्या पोटात सातवाहनकाळाची लेणी आहेत, ज्यांतल्या एका दानलेखात इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या, म्हणजे पाण्याची दोन टाकी, दान दिल्याची नोंद आहे. महाराजांच्या जन्माच्या सुमारे दीड हजार वर्षे आधी परदेशी वंशाचा माणूस या डोंगरावर पाणी साठवण्यासाठी पैसे देतो, ही गोष्ट शिवनेरीवर सावकाश सांगण्यासारखी आहे. त्यासाठी वेगळा दिवस काढावा, आणि पहिल्या सहलीची मंडळी दुसरीला येतातच. त्या दिवशी वेळ उरला तर मानमोडीच्या लेण्यांचा विचार करावा, जिथे महाक्षत्रप नहपान या शक राजाचा अमात्य अयम याचा ४६व्या वर्षाचा लेख आहे. मात्र तिथली वाट झुडपांतून जाते, म्हणून स्थानिक वाटाड्या बरोबर हवा.

मुंबई-ठाण्याकडच्या मंडळींनी हीच सहल उलटी करावी आणि खरे तर त्यांचा मार्ग अधिक योग्य आहे. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे जाणाऱ्या एसटीने वैशाखरे गाठायचे आणि तिथून जुन्या घाटवाटेने पायी चढायचे. सराव असलेल्या माणसाला अडीच-तीन तास लागतात. पाणी माणशी तीन लिटर घ्यावे, चढण सकाळी सातला सुरू करावी आणि गटात आठपेक्षा जास्त माणसे नसावीत. अरण्यातून वर येत शेवटच्या दगडी पायऱ्या चढल्यावर लेणे अचानक हाताशी येते. ओझे घेऊन कल्याणहून निघालेल्या व्यापाऱ्याला ते असेच, धाप लागलेली असताना, पहिल्यांदा दिसले असणार.